पोपटीचा एकच कोंब

शालन राजपुरेच्या हाताला गुण होता. पाचगणीच्या आसपास गोडवली, आंब्रळ, खिंगर, कुठंही जाऊन ऑर्किडवाल्यांना विचारा, कुंडी गच्च भरली की करता काय? "शालनला बोलावतो," हेच उत्तर. मग शालन यायची, ओट्यावर गोणपाट अंथरायची, पदर खोचायची आणि कुंडीतलं झाड असं काही सोडवायची की मूळसुद्धा कुरकुरत नसे. दरवर्षी चैत्रात ती अशा शंभरेक कुंड्या फोडायची. पैसे घ्यायची नाही. कुंडीमागे एक जुना कंद घ्यायचा, हा तिच्या सासूपासून चालत आलेला रिवाज. त्याला सगळे 'सुरीचा वाटा' म्हणत.

आता ही झाडं कसली, ते आधी सांगायला हवं. सिंबिडियम. फुलाची खालची पाकळी होडीसारखी खोलगट असते, म्हणून याला होडीचं ऑर्किड म्हणतात. जमिनीलगत लिंबाएवढे कंद, त्यांतून तलवारीसारखी पानं, आणि कंदाच्या बुडातून निघणारा फुलांचा लांब दांडा, एकदा फुलला की अडीच महिने टिकणारा. एक कंद एकदाच फुलतो. पण फुलण्याआधी शेजारी नवा कोंब टाकून ठेवतो. कोंबाचा कंद होतो, तो फुलतो, त्याच्या शेजारी आणखी एक कोंब. झाड असं पाऊल पाऊल पुढं सरकत राहतं. जुना कंद बिनपानांचा, सुरकुतलेला दिसतो, पण त्यालाही मऊ शेवाळात निजवला तर दोन वर्षांनी जाग येते. शालनच्या परसातली निम्मी बाग लोकांनी टाकून दिलेल्या अशा म्हाताऱ्या कंदांतूनच उभी राहिली होती.

त्या बागेची राणी म्हणजे पोपटी. पोपटाच्या पंखासारख्या हिरव्या पाकळ्या, होडीत लालसर ठिपके, आणि सकाळच्या उन्हात येणारा मंद गोड वास. शालनची सासू एका शाळेत माळीकाम करायची. तिथल्या मोठ्या बाई कायमच्या परदेशी निघाल्या, तेव्हा त्यांनी या झाडाची एकुलती एक कुंडी तिच्या हवाली केली. पुढं सासूनं आणि मग शालननं फोडून फोडून ती अकरा घरांत पोचवली. म्हणजे बघा, अकरा घरांतली पोपटी ही अकरा झाडं नव्हतीच. एकाच झाडाचं अंग अकरा ठिकाणी वाटलेलं होतं. ती ना कुठल्या प्रयोगशाळेत होती, ना कुठल्या यादीत.

पण दोन हजार बेचाळीस साल उजाडेपर्यंत पोपटीला फुलून सहा वर्षं झाली होती. सिंबिडियमला फुलायला थंडी लागते. ओळीनं पाचसहा आठवडे रात्री पारा दहा-बारा अंशांवर उतरायला हवा. पाचगणीत तो पूर्वी मुकाट उतरायचा. आता पौषातही सोळाच्या खाली जायचं नाव घेईना. झाडं धडधाकट होती, हिरवीगार होती. फक्त पानं, पानं आणि पानं! काही रोपवाटिकांनी खोल्या गार करून पाहिल्या आणि विजेपायी हात टेकले.

आणि त्याच दिवाळीत ईश्वरी घरी आली ती खिशात एक छोटी कुपी घेऊन.

ईश्वरी ही शालनची एकुलती एक मुलगी. पुण्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत वनस्पतींवर काम करायची. तिनं कुपी ओट्यावर ठेवली आणि फराळाचं ताट बाजूला सारून बोलायलाच लागली.

"आई, थंडी पडली की झाड काय करतं माहितीय? पानात एक प्रथिन तयार होतं. ते झाडातल्या रसाबरोबर वाहत कोंबाच्या शेंड्यापाशी जातं आणि त्याला निरोप देतं, की बाबा, आता पान करू नको, फूल कर. थंडीच नाही, म्हणून पान तो निरोप लिहीतच नाही. आम्ही निरोप बाहेरून पाठवतोय."

"पाठवणार कसा? टपालानं?"

"विषाणूच्या पाठीवरून. आपल्या ऑर्किडवर पानं पट्टेरी करणारा रोग येतो ना, मोझॅक? त्याचाच विषाणू. त्यातला रोग काढला आणि निरोप भरला. पुष्पदूत नाव दिलंय."

शालनच्या हातातली चकली तशीच राहिली. "मोझॅक? अगं, त्या रोगानं माझ्या सासूच्या काळात अख्ख्या बागा बसल्या. सुरीवरनं पसरतो तो!"

"म्हणून तर तू सुरी प्रत्येक झाडानंतर जाळावर धरतेस. आम्ही सगळं तपासलंय. जाळलेल्या सुरीनं जात नाही, पाण्यानं जात नाही, वाऱ्यानं, किड्यानं जात नाही. विश्वास ठेव ना माझ्यावर."

ठेवला. पोटच्या पोरीवर नाही ठेवायचा तर कुणावर? तरी शालननं पोपटीला हात लावू दिला नाही. बाजूची सहा साधी गुलाबी झाडं दिली. ईश्वरीनं पानाचं बूड खरखरीत चिंधीनं किंचित घासलं, वर दोन थेंब सोडले, बस्स.

पौषात त्या सहा झाडांनी जो काही थाट केला! एकेका कंदाला तीन तीन दांडे. आख्खी गोडवली बघायला लोटली. शालनच्या डोळ्यांना पाणी आलं, ती लेकीला फोनवर म्हणाली, "पोरी, जिंकलंस गं!" माघापर्यंत पुष्पदूत बाजारात आलं. रोपवाटिकांनी ते डोक्यावर घेतलं. शालन ज्या अकरा घरी जायची, त्यांतल्या चौघांनी आपापल्या झाडांना ते लावलं. आणि चैत्रात शालन नेहमीसारखी सुरी, मुठीएवढी स्पिरिटची चिमणी आणि पिशवी घेऊन घरोघर कुंड्या फोडत फिरली. पोपटीही फोडली. अकराच्या अकरा घरी.

श्रावणात एका सकाळी ती परसात गेली आणि पोपटीच्या कुंडीपाशी थबकली. नवे कोंब आले होते. पण कोंबाचं टोक चपटं हवं, हे गोल आणि फुगीर होतं. बोटानं दाबून पाहिलं तर आत मणी मणी लागले. कळ्या.

तिच्या पोपटीला पुष्पदूत कुणी लावलंच नव्हतं.

तिनं तो दांडा मोडून टाकला. पंधरा दिवसांनी शेजारून दुसरा आला, तोही दांडाच. तो मोडला. तिसरा आला तो जेमतेम बोटभर, त्यावर मरतुकडं एकच फूल, पावसानं सडून गेलेलं. पान म्हणून येईना. पुष्पदूत लावलेल्या गुलाबी झाडांचीही तीच गत होती.  फूल आलं म्हणून रडणारी बागवाली तुम्ही कधी पाहिलीय? त्या दिवशी शालन रडली. कारण तिला हिशेब कळत होता. कंद एकदाच फुलतो. शेजारी पानांचा नवा कोंब आला नाही, तर झाडाचं पुढचं पाऊलच पडत नाही. जुने कंद दोनतीन वर्षं तग धरतील आणि सुकतील. झालं, संपलं झाड.

ईश्वरी त्याच दिवशी निघून आली. झाड पाहून तिचा चेहरा उतरला. "हे शक्यच नाही," ती दोनदा म्हणाली. मग म्हणाली, "आई, कुंडी कशी फोडतेस, सगळं जसंच्या तसं करून दाखव. काही वगळू नको."

शालननं करून दाखवलं. सुरी जाळावर धरली, लाल झाली, निववली, कंद कापला. पुन्हा जाळली. मग पिशवीतून पितळेची वाटी काढली. आत राख, हळद आणि थोडं खोबरेल कालवलेला लेप. बोट बुडवून तिनं तो कापल्या जागी नीट चोळून लावला. दुसऱ्या झाडाची जखम, पुन्हा वाटीत बोट, पुन्हा चोळ.

"थांब," ईश्वरी म्हणाली. "ही वाटी झाडागणिक बदलतेस?"

"वाटी कशाला बदलू? लेप संपला की नवा कालवते. कापल्यावर हळद-राख लावायचीच असते. सासूबाई लावायच्या, सगळेच लावतात."

ईश्वरीनं वाटी उचलून बाजूला ठेवली.  मग अगदी हळू आवाजात तिनं सांगितलं. हळदीनं बुरशी मरते, विषाणू मरत नाही. बोटाला लागलेला रस वाटीत जातो, वाटीतला पुढच्या जखमेत. आणि राख! प्रयोगशाळेत एखाद्या रोपाला विषाणू द्यायचा असेल तर त्याच्या रसात बारीक खरखरीत पूड मिसळून पानावर चोळतात, म्हणजे पेशींना ओरखडे पडून तो आत शिरतो. राख तशीच खरखरीत असते. जे करायला त्यांना चिंध्या आणि कुप्या लागल्या, ते शालन एका बोटानं करत घरोघर फिरली होती.

"सुरी तपासली आम्ही," ईश्वरी म्हणाली. "वाटीचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही गं. मीसुद्धा तुझ्याच घरात वाढले. ही वाटी रोज बघत वाढले."

शालन आपल्या पिवळ्या बोटाकडे बघत राहिली. मग तिनं परसातल्या नळाखाली ते बोट चोळ चोळ चोळलं. काही उपयोग नव्हता, पण चोळलं.

"तुझी चूक नाही, माझी आहे," लेक म्हणाली.

"बोट माझं आहे," आई म्हणाली. 

दुसऱ्या दिवसापासून शालन अकरा घरी हिंडली. प्रत्येक दारात उभी राहून तिनं आपल्या तोंडानं सांगितलं, की माझ्या हातून तुमची झाडं बिघडलीत. आणि गंमत बघा, कुणाला त्याचं काही वाटेचना! "अहो, बिघडली कुठं, पावसाळ्यात फुलतायत!" म्हणत लोक तिला फुलं दाखवायला आत नेत. एका रोपवाटिकेचा मालक तर हसला. "शालनताई, गिऱ्हाईकाला तरी कुठं वर्षानुवर्षं झाड सांभाळायचंय? फुलं संपली की फेकतं आणि नवीन नेतं. आपला तर धंदा वाढला." ईश्वरीच्या प्रयोगशाळेनंही तेच केलं. तिनं सविस्तर अहवाल दिला. वरच्यांनी तो वाचला, आभार मानले, आणि पुढच्या खोक्यांवर 'हंगामी शोभेसाठी' असे दोन शब्द वाढवले. ज्या झाडाला माणसं नातवंडांपर्यंत पोचवायची, ते आता गजऱ्यासारखं झालं. घ्या, माळा, टाका. याला संकट म्हणायलाही कुणी तयार नव्हतं. भांडायचं तरी कुणाशी?

"पोपटी तेवढी वाचव," शालन लेकीला म्हणाली. "बाकी जगाचं काय व्हायचं ते होऊ दे. शेंड्यातला कण काढून काचेच्या नळीत झाड वाढवतेस ना तू? रोगी झाडातनंसुद्धा निरोगी निघतं म्हणालीस."

"निघतं, कारण साधा विषाणू शेंड्याच्या टोकापर्यंत पोचत नाही. तेवढा कण स्वच्छ राहतो. पण फुलायचं की नाही हे ठरतं तिथंच, म्हणून आम्ही याला मुद्दाम तिथवर जायला शिकवलं. शेंडाच फूल होऊन बसतो, आई. काढायला कणच उरत नाही."  मग म्हणाली, "लागण न झालेली एक तरी पोपटी हवी. एक कोंब. आहे कुणाकडे?"

शालनला ठाऊक होतं कुणाकडे आहे ते. पण ते नाव तोंडावर यायला तिला दोन दिवस लागले.

खिंगरला तिची थोरली जाऊ राहायची, सिंधू. सगळे तिला आक्का म्हणत. सासू गेली तेव्हा मूळची कुंडी थोरलीकडे गेली. शालन म्हणाली होती, "आक्का, तुम्हाला यातलं काय कळतंय, मला द्या." भर दुखवट्यात, चार माणसांसमोर. आक्का एवढंच म्हणाली, "माझ्या कुंडीला तुझी सुरी लावायची न्हाई." त्याला चौदा वर्षं झाली. लग्नाकार्यात समोरासमोर आल्या तरी एकमेकींना ओलांडून जायच्या. त्या भांडणानं पोपटीची तेवढी एक कुंडी वाचवली होती.

कार्तिकात, एका दुपारी, मायलेकी खिंगरला गेल्या. ईश्वरी बर्फाची पेटी घेऊन गाडीपाशी थांबली. शालननं घरून निघताना आंघोळ केली होती, धुतलेलं लुगडं नेसली होती, हात तीनदा साबणानं धुतले होते.

आक्का पडवीत बसली होती. पावलांचा आवाज ऐकून तिनं मान तिरकी केली. "कोण हाय?"

"मी. शालन."

 आक्कानं सरकून जागा केली. "बस. नीट दिसत न्हाई मला आता. काचबिंदू हाय. डॉक्टर म्हणतो, उन्हाळ्यापतुर काय दिसंल ते दिसंल."

शालनला रडू आवरेना. चौदा वर्षांचं सगळं बाजूला राहिलं. तिनं आक्काचा हात धरला आणि होतं तेवढं सगळं सांगून टाकलं. पुष्पदूत, वाटी, बोट, अकरा घरं. आक्का ऐकत होती. मधे एकदाच म्हणाली, "अरारा!"

कुंडी न्हाणीच्या भिंतीलगत होती. शालन दुरूनच उकिडवी बसली आणि कंद न् कंद नजरेखालून घालू लागली. चौदा वर्षं न फोडलेली कुंडी. मधले कंद दाटीनं कुजून गेलेले, बाजूचे कोंबाचे डोळे काळे पडलेले. पाच कंदांतला एकच हिरवा आणि त्याच्या बुडाशी एकच कोंब. हा कापला तर या कुंडीत फुलायला दुसरं काही उरत नव्हतं. पण टोक चपटं, टणक, पानाचं. स्वच्छ.

"आक्का, हा कोंब मला द्या. पोरगी यातनं झाडं करील."

"व्हतील?"

 ईश्वरीनं येताना गाडीत सगळं सांगितलं होतं. एकाच कोंबातून जमण्याची शक्यता दहात एक. जमलं तर पाच वर्षांनी झाड. "दहातनं एकदा होतं म्हणते," शालन म्हणाली.

"आणि झालं तर फुलंल?"

"थंडी पडली तर."

"पडणार हाय का थंडी?"

न्हाणीच्या पत्र्यावर ऊन तापलं होतं. कार्तिकातली दुपार होती आणि दोघी जावा घामानं भिजल्या होत्या. 

आक्का उठून आत गेली. भिंतीला हात लावत परत आली तेव्हा तिच्या मुठीत एक कुपी होती. शालननं ती बघताक्षणी ओळखली. "नातसुनेनं आणली आठवडी बाजारातनं. म्हटलं, आत्याबाईंचं झाड हाय, डोळं जायच्या आत एकदा बघावं. सात वरसं झाली फूल बघून, शालन. मला थेंब टाकता येईना, दिसत न्हाई. आज टाकू उद्या टाकू करत ऱ्हायली."

"टाकू नका, आक्का! टाकलं की संपलं हे झाड. एकदा फुलंल आणि संपंल. मी सांगते ना!"

"आईकलं मी. बहिरी न्हाई." आक्कानं कुपी तिच्यापुढं धरली. "कोंब पायजे तर काप. मी न्हाई म्हणत न्हाई, तवाचा राग न्हाई माझा. पण माझ्याकडं बघून सांग, की ती पोपटी कुणाच्या तरी दारात फुलंल. तुझ्या न्हाईतर तुझ्या पोरीच्या. तेवढं सांग आणि ने."

शालननं सांगायचा प्रयत्न केला. मनापासून केला. फुलेल, असं एकदा म्हटलं की झालं, आंधळी होत चाललेली बाई तिचा चेहरा थोडीच वाचणार होती! पण ते खोटं झालं असतं. फुललीच, तर याच कुपीनं फुलायची आणि याच कुपीनं मरायची. नाहीतर काचेच्या कपाटात हिरवी पानं होऊन जगायची, कुणी तरी कधी तरी जगाला थंड करील म्हणून. तिनं आक्काकडे पाहिलं, कोंबाकडे पाहिलं. 

"मला न्हाई सांगता येत, आक्का," ती म्हणाली.

"मग उघड ती," आक्का म्हणाली. "माझ्या हातनं सांडंल."

शालननं कुपीचं बूच काढलं. पानाचं बूड चिंधीनं हलकेच घासलं, जोर लागू न देता, लहान मुलाचं अंग पुसावं तसं. दोन थेंब सोडले. आक्का जवळ वाकून बघण्याचा प्रयत्न करत होती.

फाटकापाशी ईश्वरी पेटीचं झाकण उघडून उभी होती. आईचे रिकामे हात पाहून ती पुढं आली. "नाही दिला ना काकूनं?"

"देत होती. मी घेतला नाही." आणि शालननं काय केलं ते सांगितलं.

ईश्वरीनं पेटीचं झाकण आपटलं. "आई! अगं, ती शेवटची होती! आता पोपटी कुठंच नाही!"

"आहे की," शालन म्हणाली. "फुलल्यावर अडीच महिने आहे."